परतीची वायर

प्रागजीशेठची तेलघाणी बंद पडल्यावर दोन वर्षं ती शेड तशीच पडून होती. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि भिंतींत मुरलेला पेंडीचा वास. तेव्हा आमच्या जामनगरात गल्लोगल्ली पितळेची कामं निघाली होती. ज्याला त्याला एखादा लेथ मांडायला जागा हवी होती. शेठनी मधे तीन भिंती घातल्या, चार गाळे काढले आणि मला बोलावून घेतलं. मी वालजी नकुम, वायरमन. घाणीची वायरिंगही माझ्याच हातची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

शेठचं म्हणणं सरळ होतं. वीज बोर्डाची जोडणी एकच राहील, त्यांच्या नावावर. चार वेगळ्या जोडण्या घ्यायच्या तर सगळ्या भावांच्या सह्या लागल्या असत्या, आणि भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते. तेव्हा पुढच्या भिंतीवर मेन स्विच, तिथून चार फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर एक छोटं मीटर. महिन्याला बिल आलं की ज्याच्या त्याच्या मीटरप्रमाणे वाटायचं. बोर्डाचं मोठं मीटर आणि चार छोटी मीटरं यांचा मेळ कधी तंतोतंत बसत नाही. जो थोडा फरक उरेल तो चौघांनी सारखा भरायचा, असं ठरलं. त्याला सगळे 'तूट' म्हणायचे.

काम मी मन लावून केलं, हे आजही सांगतो. बोर्डाच्या तीन फेजा, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, येत होत्या, त्या गाळ्यांत वाटून दिल्या, म्हणजे एकीवरच सगळा भार पडायला नको. चारही गाळ्यांतल्या मशिनी आणि नळाचा पाइप एका लोखंडी पट्टीला जोडले. ती पट्टी भिंतीच्या कडेने मागच्या अंगणात नेली आणि तिथे शमीच्या झाडाजवळ खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून, आठ फुटी पाइप पुरला. ते अर्थिंग. मशिनीत कुठे बिघाड झाला तर वीज माणसातून न जाता त्या पाइपातून जमिनीत जावी, म्हणून. खड्ड्यात ओल राहिली पाहिजे, एवढीच त्याची अट. ओल गेली की जमीन वीज घेत नाही, आणि पट्टीवरची वीज पट्टीवरच थांबते.

पहिल्या गाळ्यात कासम खफी आला, दोन छोटे लेथ घेऊन. दुसऱ्यात मेरामण कणझारिया, त्याचं प्लेटिंगचं, मुलामा चढवायचं काम. तिसऱ्यात जयसुख नावाचा अबोल माणूस, दिवसभर नाकातोंडाला फडकं बांधून बफिंगवर पितळ चमकवत उभा असायचा. चौथा गाळा रंभाबेननी घेतला. त्यांचा नवरा गलबतावर, वर्षातले आठ महिने आखातात. घरी बसून दर्याकडे डोळे लावण्यापेक्षा हाताला काम बरं, म्हणून बाईंनी भोकं पाडायच्या दोन मशिनी घेतल्या आणि मोंघी नावाची एक बाई कामाला ठेवली.

मेरामण माझा मित्र. नुसता मित्र नाही. ऐन पंचविशीत खंभाळिया रस्त्याच्या एका खांबावर मी जिवंत तारेला चिकटलो होतो. खाली माणसं नुसती ओरडत होती. मेरामणनं कुंपणाचा बांबू उपसला आणि असा हाणला की मी तारेवरून सुटून खाली पडलो. गळ्याचं हाड मोडलं, जीव वाचला. पुढे दीड महिना तो रोज घरी येऊन मला अंघोळ घालायचा. त्या दिवसानंतर त्याला 'नाही' म्हणायची माझी जीभच राहिली नव्हती.

प्लेटिंगला वीज फार लागते. टाकीत माल बुडवला की तासन् तास मशीन चालू. दुसऱ्या वर्षी त्याचा मोठा व्यापारी तुटला, दुसरीकडे स्वस्तात काम मिळालं म्हणून गेला. एका दुपारी आम्ही गाळ्याच्या उंबऱ्यावर बसून रकाबीत चहा ओतत होतो. मेरामण म्हणाला, "वाला, हा सीझन निघाला तर मी तरेन. नाही तर कुलूप. ते तुझ्या हातात आहे."

मला कळलं तो काय मागतोय. प्रत्येक वायरमनला कळतं. वीज एका वायरीने येते, काम करते आणि दुसरीने परत जाते. त्या काळच्या मीटरांना चकवायचं ते या परतीच्या वाटेवर. मी त्याच्या मीटरची जोडणी फिरवली आणि परतीची वायर अर्थिंगच्या पट्टीला नेऊन जोडली. अर्ध्या तासाचं काम. मीटरचं चाक थांबलं, टाकी चालू राहिली. त्याला म्हणालो, हा सीझन संपला की काढून टाकतो.

सीझन संपला. मी काढली नाही. त्यानं आठवण केली नाही, आणि मीही केली नाही.

त्यानंतर पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष कसंतरी निघालं. दुसऱ्या वर्षी लाखोटा तलावाच्या तळाला पोरं क्रिकेट खेळायला लागली. तिसऱ्या दिवशी टँकर, घरटी चार हंडे. शेडच्या मागची बोअर मे महिन्यात गाळ ओकली आणि मग नुसती हवा ओढायला लागली. शेठचा राखणदार आधी रोज खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा. त्यानं ते कधी बंद केलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पहिली तक्रार कासमनं केली, तीही हसत. म्हणाला, "वालजीभाई, माझा लेथ म्हातारपणी लाडात आलाय. हात लावला की गुदगुल्या करतो." मग नळाला हात लावला की मुंग्या येतात असं जयसुख म्हणाला. मोंघीनं पायाखाली बारदान घेतलं होतं. अंगणात एक मांजर पट्टीला अंग घासायला गेलं आणि फिस्कारून जे पळालं ते पुन्हा शेडमधे दिसलं नाही. सगळ्यांनी त्याची नक्कल करून दाखवली.

मी लेथला टेस्टर लावला. दिवा लागला. नळाला लावला, लागला. रंभाबेनच्या मशिनीला लावला, तिथेही. चौघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मेरामण मात्र दाराबाहेर बघत होता.

मी त्यांना सांगितलं की दिवस कोरडे आहेत, अशा दिवसांत अंगावर वीज साठते, पायात चपला ठेवा. त्यांनी मान हलवली. वालजीनं सांगितलं म्हणजे झालं.

मागे जाऊन पाहिलं तर खड्डा भेगाळला होता. हात घातला तर कोपरापर्यंत नुसती धूळ. शेठच्या घरून एक बादली आणून ओतली. सुरसुर आवाज करत जमीन ती प्यायली. पुन्हा टेस्टर लावला, दिवा मंद झाला होता. संध्याकाळी मेरामणला बाजूला घेऊन म्हटलं, वायर काढतो. तो म्हणाला, हातात मुंबईची ऑर्डर आहे, एवढी जाऊ दे, पौर्णिमेला काढ. मी मान हलवली.

तेव्हापासून मी रोज सकाळी घरून बादली न्यायला लागलो. सायकलच्या हँडलला अडकवून, वर फडकं बांधून. लाभू, माझी बायको, पहिले चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी दारात आडवी उभी राहिली. "भानूचे बापू, घरात नातवाला अंघोळ नाही. हे पाणी जातं कुठं?"

मी म्हणालो, शमीला घालतो. नवस आहे.

कुणाचा, कशाचा, तिनं विचारलं नाही. नवस म्हटल्यावर ती बाजूला झाली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटणीच्या हंड्यातलं अर्धं पाणी तिनं माझ्या बादलीत भरलं. ते ओझं मला सायकलवर पेलवत नव्हतं.

गोष्ट पसरली. वालजीभाई दुष्काळात झाड जगवतात. रंभाबेन कपबश्या विसळलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओतायला लागल्या. मोंघीनं शमीला कुंकू लावलं, दोरा बांधला. शेठ एकदा आले तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की माणूस असावा तर असा. मेरामण हे सगळं बघायचा आणि टाकीवर जास्तच वाकायचा. पौर्णिमा आली, गेली. मग दुसरी ऑर्डर आली.

पाणी ओतूनही दिवा पूर्ण विझत नव्हता, हे मला खुपत होतं. एकट्या मेरामणच्या टाकीनं एवढं व्हायला नको. शिवाय एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुंग्या रोज सारख्या नसायच्या. सगळ्यांची कामं जोरात चालू असली की कमी, आणि शुक्रवारी दुपारी सगळ्यात जास्त. हिशेबाप्रमाणे उलट हवं. शुक्रवारी दुपारी कासम लेथ बंद करून नमाजाला जायचा, दोन यंत्रं कमी चालायची. मी ते मनातल्या मनात घोळवत राहिलो. उत्तर जवळ आलं की मी दुसऱ्या कामाला लागायचो.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी मोंघीला धक्का बसला. बारदान सरकलं होतं, पाय फरशीवर, तळव्याला घाम. मशिनीच्या दांड्याला हात चिकटला तो सुटेना. रंभाबेननी लाकडी स्टूल उचलून तिच्या हातावर मारलं तेव्हा ती बाजूला कोसळली. मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर आली होती. दोन बोटं काळी पडली होती आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती की मशीन बंद केलं का. तिला रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं.

रंभाबेननी मला गाळ्यात नेलं. दाराआडच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, महिन्यामहिन्याच्या. एका बाजूला त्यांच्या मीटरचे आकडे, दुसऱ्या बाजूला वाट्याला आलेली तूट. दिवाळीपासून तूट वाढत वाढत त्यांच्या स्वतःच्या विजेच्या वर गेली होती.

"मला लिहिता-वाचता फार येत नाही, वालजीभाई," त्या म्हणाल्या. "म्हणून मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, माझंच कुठे चुकत असेल. पण मला सांगा, माझ्या मशिनी दोन, पंखा एक. मग मी कुणाची वीज भरते?"

मी म्हणालो, बघतो. इतकंच म्हणालो.

बाहेर येऊन मी मीटरांसमोर उभा राहिलो. कासम अजून मशिदीतून आला नव्हता. जयसुखला मोंघीचं काही कळलंही नव्हतं, त्याची बफिंगची मोटर घरघरत होती, आणि त्याच्या मीटरचं चाक गपगार होतं. मी खाली वाकून वायरी पाहिल्या. परतीची वायर पट्टीकडे गेलेली. सांधा माझा नव्हता, त्यावर टेपऐवजी मेणकापड गुंडाळलं होतं, प्लेटिंगवाले टाकीच्या तारांना गुंडाळतात तसलं. कासमचं मीटरही तसंच.

तेव्हा शुक्रवारचा अर्थ लागला. तिघं तीन वेगवेगळ्या फेजांवर होते, मीच तसं वाटून दिलं होतं. तिघांची यंत्रं एकदम चालली की तिन्ही फेजा पट्टीवर एकमेकींना बऱ्याचशा सावरून धरायच्या. एकजण थांबला की तो तोल जायचा आणि बाकी सगळी वीज त्या कोरड्या खड्ड्याकडे धावायची. तिथे ती मावायची नाही, मग पट्टीवरून चारही गाळ्यांत परत यायची. मी जे एकट्यासाठी केलं होतं ते आता तिघं करत होते, आणि भरत होती चौथी.

मी मेरामणच्या गाळ्यात गेलो आणि दार लोटून घेतलं. तो काही लपवायच्या फंदात पडला नाही. कासमनं गेल्या दिवाळीत त्याच्या मीटरचं थांबलेलं चाक पाहिलं होतं. तोंड बंद ठेवायला मेरामणनं त्याला तेच करून दिलं. जयसुखला कासमकडून कळलं. "कुणाकुणाला नाही म्हणू, वाला?" तो म्हणाला. "तुला मी मागितलं, तेव्हा तू तरी म्हणालास का?"

मी विचारलं, "आणि रंभाबेन?"

तो टाकीवर वाकून माल हलवायला लागला. "तिनं मागितलं नाही," तो म्हणाला.

त्याच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं. मी त्याला सांगितलं की उद्या सकाळी मी येतो. सगळ्या वायरी काढतो, आणि नऊला सगळे जमले की त्यांच्यासमोर सांगतो, सुरुवात कुणी केली तेही. शेठनाही बोलावतो. आज रात्रभर मेन बंद ठेवूया असंही मी म्हणालो, पण आठ वाजेपर्यंत एक घाणा काढायचाच आहे, माल टाकीत पडलाय, असं तो म्हणाला, आणि मी तेही ऐकलं. आजपर्यंतचं सगळं त्याचं ऐकण्यातच गेलं होतं. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "मीही तुझ्यासोबत उभा राहतो. तू एकट्यानं सांगू नको."

शनिवारी पावणेआठला पोचलो. मेरामण सातपासून आला होता, टाकी चालू होती. कासम आणि जयसुखच्या गाळ्यांना कुलपं होती, म्हणजे त्यांच्या वायरी आत पट्टीपासून सोडवता येत नव्हत्या, आणि तिन्ही एकदमच काढायच्या होत्या. तोवर मागचं काम उरकावं असं मी ठरवलं. पाइपाच्या टोकाला गंज चढून पट्टीची पकड गेली होती. ती घासून पुन्हा आवळली तर निदान आजपासून अर्थिंग धड होईल.

मी मेन स्विच खाली पाडला.

मेन पाडला की फ्यूज काढून खिशात घालायचे. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, मी वीस पोरांना शिकवला असेल. म्हणजे दुसऱ्या कुणी स्विच वर केला तरी वीज येत नाही. त्या दिवशी मी फ्यूज काढले नाहीत. का, ते मला आजही सांगता येत नाही. नऊ वाजता कासमच्या, जयसुखच्या, रंभाबेनच्या तोंडाकडे बघून पहिला शब्द कुठला काढायचा, याचीच डोक्यात जुळवाजुळव चालली होती. मेरामणच्या मशीनचं बटण चालूच राहिलंय, हेही मी पाहिलं नाही.

खड्ड्यापाशी जमीन ओली होती. लाभूच्या वाटणीचं पाणी मी नुकतंच ओतलं होतं. नट गंजून बसला होता, घासलेट सोडून, पान्याला पाइप लावून कसाबसा फिरला. पट्टी सुटली. तिला ताण होता, ती पुन्हा पाइपावर येऊन बसत होती. मेरामणनं चपला काढल्या, उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी पट्टी मागे ओढून धरली. मी कानशीनं पाइप घासायला लागलो. त्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं, देवूला, म्हणजे त्याच्या बायकोला, रात्रीच सगळं सांगून टाकलं असं. ती काय म्हणाली असं मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. मी वर पाहिलं तर त्याची मान मागे गेली होती आणि जबडा घट्ट मिटला होता. तोंडातून आवाज नाही. हात पट्टीवर आवळलेले. शेडच्या पुढच्या बाजूनं भोकं पाडायच्या मशीनचा आवाज येत होता.

मी चपलेनं पट्टीला लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला ती त्याच्या हातांतून सुटली. तो कुशीवर पडला, शमीकडे तोंड करून. मी छाती दाबली, हाका मारल्या. रंभाबेन आवाज ऐकून धावत आल्या, हाताला पितळेचा भुगा लागलेला. मोंघी नाही म्हणून काम उरकायला त्या लवकर आल्या होत्या. आल्या आल्या त्यांना मेन पडलेला दिसला. वीज गेली-आली की तो पडायचा, आणि जो पहिला येईल तो वर करायचा. कसा करायचा ते मीच त्यांना दाखवलं होतं.

त्यांनी मेरामणकडे पाहिलं, मग सुटलेल्या पट्टीकडे, मग पुढच्या भिंतीकडे. पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या तिथेच बसल्या.

पोलीस आले, पाठोपाठ वीज खात्याचे तपासनीस. मी तीन वायरींबद्दल सगळं सांगितलं, पहिली वायर माझी हेही. मेन कुणी वर केला असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी. पट्टी बसली असं समजून पुढे गेलो आणि स्विच वर केला. तपासनीसांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. रंभाबेन चार हातांवर उभ्या होत्या. त्या पुढे आल्या तेव्हा मी तपासनीसांकडे तोंड फिरवलं.

माझं लायसन गेलं. खटला तीन वर्षं चालला, शिक्षा झाली, अकरा महिने आत काढले. मेरामणच्या बाराव्याला मी त्याच्या घरी गेलो होतो. देवूनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. कासम आणि जयसुख गाळे सोडून गेले. शेठच्या भावांनी आठ दिवसांत सह्या केल्या. बोर्डानं चार गाळ्यांना चार जोडण्या दिल्या, प्रत्येकाला आपलं मीटर, आपलं अर्थिंग. जे कागद सहा वर्षं हलले नव्हते, ते आठ दिवसांत हलले.

सुटून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रंभाबेन घरी आल्या. लाभूनं पाणी दिलं आणि ती आत गेली. रंभाबेन खूप बारीक झाल्या होत्या. नवऱ्याचं, मोंघीच्या बोटांचं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "वालजीभाई, तुम्ही खड्ड्यापाशी होता."

"मी पुढे होतो, बेन."

"मी आले तेव्हा स्विचपाशी कुणी नव्हतं."

मी म्हणालो की इतक्या वर्षांनी माणसाला नीट आठवत नाही, घाबरल्यावर तर नाहीच. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"तुम्ही माझ्यावर उपकार केलात असं तुम्हाला वाटतं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी बटण दाबायला जाते तेव्हा माझा हात अडतो, आणि का अडतो ते मी कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर तुम्ही खोटे ठरता. तुरुंगात तुम्ही एकटे नव्हता."

मी एवढंच म्हणालो की त्यात तुमचा दोष नव्हता. त्यावर त्या उठल्या. त्या दोष कुणाचा ते विचारायला आल्याच नव्हत्या, म्हणाल्या. जे त्यांच्या हातून झालं ते त्यांचं आहे, ते त्यांनाच सांगू द्यावं, एवढं मागायला आल्या होत्या. जाताना पाण्याचा पेला त्यांनी तसाच भरलेला ठेवला होता.

त्या तशाच देवूकडे गेल्या, हे मला नंतर कळलं. दार लावून दोघी दुपारभर आत होत्या. आत काय बोलणं झालं ते गल्लीत कुणाला माहीत नाही. नंतर महिन्याभरानं देवू चौथ्या गाळ्यात कामाला लागली, मोंघीच्या जागी.

आता मी बेडी नाक्याजवळ एका दुकानात पंखे दुरुस्त करतो. वीज नसलेले पंखे, सुटे करून आणलेले. देवू आणि रंभाबेन संध्याकाळी सुटल्यावर दुकानावरून जातात, दोघी बरोबर असतात. मी मान वर करतो. त्या दोघीही माझ्याशी बोलत नाहीत.